शूमेकरांचा बूट आणि आमची रापी

माझं माहेर साताऱ्याकडचं, वडील बाजारात रापी-आरी घेऊन बसायचे, वहाणा शिवायचे. सासरही आमच्यातलंच, मूळ आडनाव चांभारे, पण पुण्यात खोली मिळेना म्हणून सासऱ्यांनी वडगावकर करून घेतलं. त्यांचं काही चुकलं नाही हो, डोक्यावर छप्पर तर पाहिजे. मग आमचे हे इंजिनियर झाले, इथं अमेरिकेत, ट्रॉयला गाड्यांच्या कंपनीत लागले, आणि मी आपली सीट-कव्हरं शिवायच्या दुकानात. हात शिवणारेच ना शेवटी!

दुकानाची मालकीण रूथ शूमेकर. मी विचारलं, म्हणजे जोडे करणारे का गं तुम्ही? तर म्हणाली, मग काय, पणजोबा जर्मनीत शूमाखर होते, इथं येऊन शूमेकर झाले, इंग्लंडहून आलेले शूमेकर वेगळे, पण तेही जोडेच करायचे. आणि काय सांगू तुम्हाला, दर उन्हाळ्यात ह्या शूमेकरांची घरची पिकनिक, तिथं मला घेऊन गेली. जज्ज शूमेकर, दाताचा डॉक्टर शूमेकर, चर्चचा पाद्री शूमेकर, आणि सगळ्यांच्या छातीवर हा एवढा मोठा बूट छापलेला! मला रडूच आलं. आमचे वडील आठवले, दुसरं काय.

घरी आले आणि सांगून टाकलं, आपणही टी-शर्ट छापायचे, वर रापी, खाली चांभारे, आणि महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला घालून जायचं. हे ताडकन उठले. येड लागलंय का तुला, इतकी वर्षं त्या लोकांत उठतो-बसतो, कुणी कधी काही विचारलं का? मी म्हटलं, विचारत नाहीत कसलं, दर दिवाळीला विचारतात, वडगावकर म्हणजे नेमके कुठले, आणि तुम्ही क्रिकेटवर जाता. लेक जिन्यातून ओरडली, मॉम, आय वाँट वन टू! हे तडक गॅरेजमध्ये गेले.

पिकनिकला आम्ही दोघी टी-शर्ट घालून, आणि हे भर उन्हात गळ्यापर्यंत चेन ओढलेलं जॅकेट घालून. जोशीकाकू भेळेची डिश घेऊन आल्या, अगं हे काय, पिझ्झा कापायचं का? म्हटलं, नाही काकू, रापी आहे, चामडं कापायची, आम्ही चांभार. टेबलावर कुणी भेळ चिवडायला लागलं, कुणी फोन बघायला.

आणि ह्यांनी जॅकेटची चेन सर्रकन खाली ओढली. आत तोच टी-शर्ट, मी ह्यांच्या कपाटात ठेवलेला! म्हणाले, काकू, विचारत होता ना नेमके कुठले? मूळचे चांभारे आम्ही.

अहो, तिथंच मिठी मारावीशी वाटली! दोन घरं आमच्याकडे जेवायला यायची बंद झाली, नकोत यायला. जोशीकाकू येतात, गेल्या महिन्यात पर्स शिवून घेऊन गेल्या. ह्यांचा टी-शर्ट धुऊन धुऊन विरलाय, टाकू देत नाहीत. तुमचं कल्याण होवो, एवढं ऐकून घेतलंत. फक्त ही गोष्ट छापाल तेव्हा वर माझं नाव वडगावकर नका घालू.