आधारवरचं वय

(सोलापुरातल्या एका रुग्णालयातला वॉर्ड. तात्याबांची उद्या बायपास. खाटेशी लॅपटॉप घेऊन शिकाऊ डॉक्टर अंकिता. पायथ्याशी तात्याबांची बायको, मायाक्का.)

तात्याबा : एकसष्ट म्हनलं की. आधारवर हाय. किती येळा इचारतीस?

अंकिता : दोनदाच विचारलंय, आजोबा.

तात्याबा : आन् ह्यो तुजा डबा काय करनार माज्या वयाचं?

अंकिता : वय, साखर, किडनी, सगळं बघून ऑपरेशननंतरचा अंदाज सांगतो. तुमच्यासारख्या शंभरांत दोघं दगावतात, म्हणतोय.

तात्याबा : त्यात मी हाय का न्हाय, ते सांगतोय?

अंकिता : नाही. ते कुणालाच सांगता येत नाही.

तात्याबा : मग काय उपेग! मी नुसतं बघून सांगतो, कुठलं मेंढरू वाचतंय.

मायाक्का : लई शाणं! बाहत्तरच्या दुष्काळात निम्मा कळप गेला, तवा कुटं हुती ही नजर? खडी फोडायला जायाचो आमी दोगं. बिरुदेव माज्या अंगावर पीत हुता...

अंकिता : बिरुदेव कोण?

मायाक्का : थोरला ल्योक आमचा.

तात्याबा : गप की गं!

अंकिता : आजोबा, आधारप्रमाणे बाहत्तर साली तुम्ही आठ वर्षांचे होता.

तात्याबा : लगनं लवकर व्हायची आमच्यात.

अंकिता : एवढी लवकर?

मायाक्का : सांगा आता. पोरगीनं वळखलंय.

तात्याबा : चौऱ्याहत्तर. आधारवाल्यानं तोंड बघून वय टाकलं. म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे. गावातला जोतिराम सांगत हुता, सत्तरीच्या वर हात लावत न्हाईत. घरी धाडत्यात.

अंकिता : असं काही नाही. उलट वय कमी लिहिलं, तर तुमची किडनी आहे त्यापेक्षा चांगली दिसते. मग औषध जास्त जातं.

तात्याबा : तू म्हनतीस. सायेब म्हनत्यात का?

अंकिता : तुमच्यासमोरच विचारते. (फोनवर) सर, बेड नऊ. वय एकसष्ट नाही, चौऱ्याहत्तर... हो, खात्री केली... उद्याच ना?... बरं, सर.

मायाक्का : काय म्हनलं?

अंकिता : उद्याच करणार. किडनीची तपासणी आज पुन्हा करायची. आयसीयूत मात्र दोन दिवस जास्त ठेवतील.

तात्याबा : आन् डबा काय म्हनतोय?

अंकिता : आता शंभरांत पाच.

तात्याबा : म्हंजी पंच्यान्नव घरी जात्यात. ऐकलंस का गं?

मायाक्का : पंच्यान्नव काय करू मी? मला एकच न्यायचा हाय.