आबांनी रिजेक्ट केलेली संगीता

आरं, काल आमच्या तासगावच्या घरात काय झालं ऐक की! आमच्या वडलांना, आबांना, सांभाळायला रोज संगीता येते. तिचं काम कसं हाय ते बघायला सांगलीहून तिच्या संस्थेच्या मॅडम आल्या. मी निवांत होतो. तिच्याशिवाय आबा गोळी घेत न्हाईत, म्हंजे कौतुकच करणार!

"आजोबा, संगीता वेळेवर येते ना?"

"कुठली येती!"

"जेवण नीट देते?"

"लय तिखट करती."

"आणि व्यायाम?"

"कसला कप्पाळाचा व्यायाम! नुसत्या गप्पा हानती."

संगीताचं डोळं भरलं. मी वरडलो, "आबा, खोटं कशाला बोलताय?" तर माझ्यावरच डोळं वटारलं!

मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे, उद्यापासून दुसरी पाठवते."

आबा कॉटवरनं ताडकन उठलं. काठी न घेता, गड्या!

"आवं मॅडम, तसं नगा करू! जन्मभर द्राक्षं पिकवली मी. चांगला म्हनला की माल एक्स्पोर्टला जातोय, घरात ऱ्हातोय तो रिजेक्ट. हिला घरात ठेवायचीय, म्हनून रिजेक्ट केली!"