लडाखची नदी, दुबईचं अंगण

तुम्ही हसाल, पण बर्फावर चालणारा माणूस मी साठ सालच्या दुबईत पाहिलाय. आमचेच हे. लग्नाआधी ते लडाखला रस्त्याच्या कामावर होते. तिथे हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून चालत गावोगाव जायचो, असं ते भेटेल त्याला सांगत. शेजारचे हमीदचाचा, मूळ रत्नागिरीचे, एकदा म्हणाले, "नदीवरून चाललास? मग आपल्या दुबईच्या खाडीवर अजून पूल नाही, तर होडीची वाट कशाला बघतोस?"

ह्यांना ते लागलं. दुसऱ्याच दिवशी ह्यांनी बर्फाची अख्खी लादी आणवली, अंगणात ठेवली आणि चाचांसमोर तिच्यावर चढले.

"पाय उचलायचा नाही, चाचा. घासत न्यायचा."

पाय ह्यांनी खरंच उचलला नाही. लादीच पुढे निघून गेली आणि हे वितळलेल्या पाण्यात बसले.

चाचांनी मला विचारलं, "बेटी, हा नदीवर चालला, हे तुला पटतं?"

"चालले असतील," मी म्हटलं. "पण पलीकडे बसूनच पोचले असतील."

चाचा गेल्यावर हे कुरकुरले, "बायकोने नवऱ्याची बाजू घ्यायची असते."

"घेणारच होते," मी म्हटलं, "पण ती ओली होती."