पुजलेला पाना

हसू नका, पण त्या दिवशी मला घाम फुटला होता. उरणला मासेमारीची बोट चालवणाऱ्या एका तांडेलकाकांची एक नडगी दोन इंच आखूड होती. हाड वाढवायला मी हाडातून तारा घालून पायाभोवती लोखंडी रिंगा बसवल्या होत्या. घरी रोज चार वेळा पान्याने नट फिरवायचा. दसऱ्यानंतर ते पनवेलला दाखवायला आले, तर तारांभोवती सगळं लालभडक. पू झाला असता तर सगळं काढावं लागलं असतं. पुसून बघितलं, तर कुंकू.

"बोटीचं इंजिन पुजलं, मंग या रिंगांना नि पान्याला कसा सोडू?"

"बरं. नट फिरवलात ना?"

"नाय. पुजलेला पाना त्या दिवशी कोन उचलतो?"

"काका, आता रिंगा एक दिवस उशिरा निघणार."

"चाळीस वर्सं लंगडलो, डॉक्टर. एक दिवस पान्यासाठी लंगडीन."