दत्तारामला पिशवी उघडू दिली असती तर

जमलेल्या मंडळींनो, आणि राजापूरहून फोनवर ऐकणाऱ्या सुनंदावहिनी,

मला उठून बोलवत नव्हतं. दत्तारामच्या फोटोला हार घालायला हात वर जाईना. पण आज बोललो नाही, तर पुढे कधीच तोंड उघडायचा हक्क मला उरणार नाही.

दत्ताराम इथल्या राई भागातल्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये सुतार. महबूल्यातल्या आपल्या किती घरांत त्याच्या हातची देवघरं आहेत. आणि सुट्टीवरून येताना त्याने कुणाचं सामान आणलं नाही? कुळथाचं पीठ, आमसुलं, कुणाच्या आईने दिलेलं लोणचं. स्वतःचे कपडे मागे ठेवून आणायचा.

त्याचा एक नियम होता. निघण्याआधी पेपर अंथरायचा, प्रत्येकाचं पार्सल उघडून चाचपून बघायचं, मग पुन्हा शिवायचं. आपण त्याला 'कस्टमवाला' म्हणून हसायचो. मीही हसलोय.

या वेळी मुंबईहून त्याचा फोन आला. "साहेब, तुमची पिशवी उघडून बघतो हां. बघल्याशिवाय मी कोनाचा सामान घेत नाय."

मी काय म्हणालो? "आता आमच्या घरच्या पिशवीचीही झडती घेणार का रे? माझ्या आईला काय वाटेल?"

"तसा नाय, साहेब," तो ओशाळून म्हणाला. आणि पहिल्यांदाच त्याने न उघडता पिशवी घेतली.

होय. ज्या पिशवीपायी दत्ताराम इथल्या विमानतळावर पकडला गेला, ती माझी होती. मागच्या रांगेत जे कुजबुजताहेत, "काहीतरी धंदा असेलच त्याचा," त्यांनी नीट ऐकावं. माझी होती.

माझा मुलगा कॅनडात शिकतो. सुट्टीत आजीकडे आला होता. आमच्यासाठी चॉकलेटं आणि आपलं जाड जॅकेट ठेवून गेला. आईने ते सगळं तसंच पिशवीत भरलं. जॅकेटच्या खिशात जेलीच्या गोळ्यांचं पाकीट राहिलं. गांजाच्या अर्काच्या गोळ्या. मी फोनवर ओरडलो, तर म्हणतो, "बाबा, इट्स लीगल हिअर." खोटं नाही. तिथे दुकानात मिळतात, करासकट छापील बिल मिळतं. थायलंडने मोकळीक दिली, सरकार बदललं, पुन्हा लगाम आवळला. आपल्याकडे काही राज्यांत भांगेच्या दुकानाला सरकारच परवाना देतं आणि गांजाला तुरुंग. इथे आखातात तर कायदा आणखी कडक झालाय. राज्यकर्त्यांच्या सोयीने सैल, त्यांच्याच सोयीने घट्ट. गोळी तीच. ज्याने विकत घेतली तो कॉलेजात बसलाय, आणि ज्याला ती कशाची हेही ठाऊक नव्हतं तो आत गेला. चीड येते मला या सगळ्याची.

पण मंडळी, कायद्यावर चिडणं सोपं आहे. त्या कायद्याला माझा एक जबाब हवा होता. तो मी दिला नाही.

दत्तारामने माझं नाव सांगितलं होतं. पोलिसांकडून मला विचारणा झाली. मी म्हणालो, "ओळखतो त्याला, पण सामानाचं मला काही माहीत नाही."

इकामा रद्द होऊन देश सोडावा लागेल, नोकरी जाईल, मुलाचं नाव खराब होईल. म्हणून गप्प. अठरा दिवस तो आत होता. अठरा दिवस मी मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत ड्युटीवर गेलो, घरी येऊन जेवलो, झोपलो. एकोणिसाव्या दिवशी त्याच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी शर्थ केली, पण तो गेला. आणि आपण सभेच्या पत्रकावर काय छापलं? 'अल्पशा आजाराने निधन.' लाज वाटली पाहिजे आपल्याला. सगळ्यात आधी मला.

वहिनी, मी क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही. मुलाकडून त्या गोळ्यांचं बिल मागवून घेतलंय, या खिशात आहे. उद्या सकाळी वकिलाला घेऊन जातो आणि लेखी देतो की दत्ताराम निर्दोष होता. माझं जे व्हायचं ते होईल. तुमच्या पोरांनी गावात मान खाली घालायची नाही.

आता प्रथेप्रमाणे दोन मिनिटं मौन. पण मौन मी खूप पाळलं, त्यातच तो गेला. तेव्हा उभे राहा, पण गप्प राहू नका. ज्याच्या ज्याच्या घरी दत्तारामने काही आणून दिलं, त्याने ते मोठ्याने सांगा. वहिनींना ऐकू जाऊ दे.

मी सुरुवात करतो.

एक पिशवी. न उघडलेली.