ऐकीव वाट

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती ताई, त्यांचे यजमान आणि माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

ताई आज निवृत्त होताहेत. चार गोड शब्द बोलायची आज्ञा झाली आहे. मी एका दुपारविषयीच बोलतो, चालेल ना?

आपल्या पाच दवाखान्यांना जोडणारं नेटवर्क तेव्हा उभं राहत होतं. माहितीनं कुठल्या वाटेनं जायचं, हे राउटर आपसांत ठरवतात. ती ठरवायची पद्धत, म्हणजे राउटिंग प्रोटोकॉल, आम्हाला निवडायची होती. मी विभागप्रमुख; माझा कौल जुन्या, सोप्या आरआयपीला. ताई ओएसपीएफ म्हणत होत्या. पाच दवाखान्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं मी म्हटलं. ताईंनी वाद घातला नाही. (यजमानांना हे पटणार नाही, पण खरं आहे.)

त्यांनी मला यंत्रांच्या खोलीत नेलं. पंख्यांची एकसुरी घरघर, लुकलुकणारे हिरवे दिवे. पाण्याखाली उतरल्यासारखं वाटत होतं. चाचणीचे राउटर माझ्या पद्धतीवर चालू होते. ताईंनी टोकाच्या दवाखान्याची वायर काढली. दोनदा काढून पाहिली; वाट तुटल्याचं राउटरांना लगेच कळलं. मी हसलो. तिसऱ्यांदा मात्र वाट तुटलेली असताना एक राउटर दुसऱ्याच्या भरवशावर ‘वाट आहे’ सांगू लागला, दुसरा तिसऱ्याच्या, आणि तिसरा पुन्हा पहिल्याच्या. पडद्यावर अंतराचा आकडा चढत होता. पाच, आठ, अकरा... सोळाला थांबला. या पद्धतीत सोळा म्हणजे ‘वाटच नाही’; तेव्हा कुठे राउटरांना उमगलं. मी झोपेत असल्यासारखा बघत राहिलो.

ताई हळूच म्हणाल्या, “साहेब, हे ऐकीव सांगताहेत. ओएसपीएफमध्ये प्रत्येकाकडे सगळ्या जाळ्याचा नकाशा असतो. माझी जाऊ त्या टोकाला नर्स आहे. एक्स-रे पुढे जाईना झाला, की सगळे तिच्या तोंडाकडे बघतात.”

मी ओएसपीएफचा प्रस्ताव पाठवला. दोन वर्षांनी खोदकामात मुख्य केबल तुटली. काही क्षणांत माहिती उलट्या बाजूनं वळली. एक्स-रे पोचत राहिले; जाऊबाईंना पत्ताही लागला नाही.

त्याबद्दल याच सभागृहात माझा सत्कार झाला. प्रस्तावावर माझं एकट्याचं नाव होतं. ताई तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. मला बोलता आलं असतं. मी मानपत्र घेतलं आणि खाली उतरलो. अकरा वर्षं झाली. ती निवड ताईंची होती.

अध्यक्ष महोदय, वेळ दिलात, ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभागृहानं पदरात घ्यावं. त्या दिवशी बोललो नाही, त्याची माफी ताई, मी तुमच्याकडे मागतो.