बेचाळीस नंबर

लई दिवसांपासून विचारून राहिलात ना, मी सीताफळ का खात न्हाई म्हणून. ऐका मग.

नांदेडच्या एका सुपरमार्केटात मी डाळ-तांदळाचे रॅक भरायचो आणि मुदखेडची सविता भाजीच्या काट्यावर बसायची. दिवसातून चारदा तरी मी उगाच तिकडून जायचो. काट्यावर प्रत्येक भाजीचा, फळाचा नंबर असतो; तो दाबला की नावाचं स्टिकर निघतं. तिला सगळे नंबर तोंडपाठ. माणसांनाही ती नंबरानंच हाक मारायची. मॅनेजर सतरा, म्हणजे भोपळा. मी बेचाळीस.

बेचाळीस म्हणजे काय, हे तिलाच विचारायचं सोडून मी माझ्यासोबत रॅक भरणाऱ्या सलीमला विचारलं. तो एकदम ठाम, "कारलं हाय भौ."

मला लई लागलं. महिनाभर मी तिच्याशी धड बोललो न्हाई. मग तिची लातूरच्या शाखेत बदली झाली. जायच्या दिवशी रॅकपाशी येऊन म्हणाली, "बेचाळीस, काही बोलायचं हाय का?"

मी तांदळाच्या पिशव्या लावून राहिलो होतो. मान वर न करता म्हटलं, "न्हाई."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं मलाच काट्यावर बसवलं. पहिल्याच बाईनं सीताफळं ठेवली. मी नंबरांचा तक्ता बघितला. कारलं एक्केचाळीस. सीताफळ बेचाळीस.

बेचाळीस दाबलं, स्टिकर निघालं. बाई म्हणाली, "दादा, गोड निघतील का?"

म्हटलं, "निघाली असती, ताई."